चालत नाही

सकाळी सहाला मी आधी बोटांची हजेरी घेते.
उजवा अंगठा उशिरा येतो.
मग खांदे, मांड्या, पोटऱ्या,
सगळे रात्रपाळी करून आल्यासारखे.
आठ तास झोपले होते.
झोप लागली होती,
लागू पडली नव्हती.

कन्नमवार नगरातली आमची पतपेढी दहाला उघडते.
मी कॅश काउंटरवर.
एकोणीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजले,
तफावत फक्त दोनदा.
हल्ली शंभराच्या गड्डीला रबर लावताना
कोपरापर्यंत कळ जाते.

डॉक्टर सिक्वेरांनी अठरा जागी दाबून पाहिलं.
चौदा जागी मी आई गं म्हटलं.
कळ म्हणजे दुखणं,
कळ म्हणजे दिव्याचं बटणही,
आणि कळणं, ते मात्र
सहा वर्षं कुणालाच झालं नव्हतं.
रिपोर्ट नॉर्मल.
पुन्हा काढले, पुन्हा नॉर्मल.
नणंद म्हणाली, मनाला लावून घेऊ नकोस.
मनाला नाही हो ताई,
मानेला लागलंय.

शेजारची उर्वी नववीत आहे.
परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक घेऊन आली,
मावशी, प्रश्न विचार ना.
तंतुकणिका म्हणजे?
पेशीचं ऊर्जाकेंद्र.
एटीपी म्हणजे?
पेशीचं ऊर्जा-चलन.
थांब. परत सांग.
चलन गं, पैशांसारखं. तीन फॉस्फेट असतात,
एक तुटला की ऊर्जा मोकळी होते.
ती पान उलटून पुढच्या धड्यावर गेली.
मी त्याच पानावर राहिले.

म्हणजे आत, पोटरीच्या प्रत्येक तंतूत
कुणीतरी काउंटरवर बसलंय,
समोर रांग,
आणि ते मान वर न करता म्हणतंय, सुट्टे नाहीत.
मोठी नोट आहे माझ्याकडे.
जेवले आहे मी, तीन पोळ्या, वरण, वर केळं.
ती मोडून मिळत नाही
म्हणून अंग मोडतं का?

डॉक्टरांना हे विचारलं.
हसतील असं वाटलं होतं.
पेन खाली ठेवून म्हणाले,
त्या दिशेनं शोधतायत काहीजण.
तसं असेल, नसेलही.
मला माहीत नाही.
माझ्या जाड फायलीत
हे वाक्य कुठेच लिहिलेलं नाही,
आणि पटण्याजोगं तेवढंच आहे.

आमचा चौथा मजला, लिफ्ट नाही.
दुसऱ्यावर थांबून मी मोबाईल बघते,
कुणाचाही मेसेज नसतो.
चादर पिळायची की आमटीला फोडणी द्यायची,
एका संध्याकाळी एकच.
चादर श्रीरंग पिळतो.
वाईट पिळतो. पाणी थेट वाडेकरांच्या दारापर्यंत.
मी काही बोलत नाही. बोलायलाही लागतंच काहीतरी,
जबड्यात.

गुरुवारी पार्कसाइटचे मोकलकाका आले,
वेल्डिंगवाले, पिग्मीचे पैसे भरायला.
दोनशेची एक नोट मधोमध फाटलेली,
वर सेलोटेप, टेपवर काजळी.
शेजारून दळवी म्हणाला, मॅडम, चालत नाही ती.
मी उजेडाला धरली.
दोन्हीकडचे नंबर जुळत होते. तार शाबूत.
म्हटलं, खरी आहे रे.
चालत नाही, एवढंच.
दळवीनं माझ्याकडे पाहिलं,
मग माझ्या खुर्चीमागच्या उशीकडे,
आणि पुन्हा खाली मान घालून व्हाउचर लावू लागला.
काकांची पावती फाडायला मला दोन्ही हात लागले.
ते थांबले. घाई नाही म्हणाले.

संध्याकाळी टॅली जुळली.
टेबल धरून उठले.
त्या दिवशी जिना न थांबता चढले, थेट चौथ्यापर्यंत,
मलाच नवल वाटलं.
दाराशी किल्ली शोधताना लक्षात आलं,
हे आजचे नव्हते.
शुक्रवारचे उचलले होते मी,
बहुधा शनिवारचेही.